आईला इंग्रजी येत नाही, नागरिकत्वाची तयारी कुठून सुरू करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एडिसन, न्यू जर्सी इथे राहणाऱ्या एका गृहस्थांचे आईवडील डिसेंबर २०१९ मध्ये ग्रीन कार्डवर आले. आई ६१ वर्षांच्या, मराठी सातवी शिकलेल्या. एबीसीडी ओळखतात, पण इंग्रजी बोलत नाहीत. वडील ६६ वर्षांचे, बँकेतून निवृत्त, इंग्रजी पेपर रोज वाचतात. २०२३ मध्ये भावाच्या आजारपणामुळे ते सलग सात महिने भारतात होते. विचारणा तीन आहेत: आईसाठी मोफत इंग्रजी क्लास कुठे मिळेल, वय झालं की इंग्रजीतून सूट मिळते हे खरं का, आणि तोवर वडिलांचा अर्ज भरून टाकावा का.

मी मध्य न्यू जर्सीत चौदा वर्षं प्रौढांना इंग्रजी आणि नागरिकत्वाची तयारी शिकवते. आधी लायब्ररीत स्वयंसेवक होते, आता अडल्ट स्कूलमध्ये संध्याकाळचे वर्ग घेते. मी वकील नाही. त्यामुळे कायद्याचं जिथे अडेल तिथे वकील गाठा असंच सांगेन, आणि तुमच्या बाबतीत एका ठिकाणी ते नक्की अडणार आहे.

आधी सूट मिळते का ते बघू, म्हणजे त्या आशेवर कोणी बसून राहायला नको. वयामुळे इंग्रजीतून सूट मिळते हे अर्धंच खरं आहे. ५० वर्षं वय आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं, किंवा ५५ वर्षं वय आणि ग्रीन कार्डवर १५ वर्षं, असं दोन्ही जुळलं तर इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाषा घेऊन मराठीतून देता येते. ६५ वर्षं वय आणि २० वर्षं ग्रीन कार्ड असेल तर अभ्यासही कमी: फक्त २० प्रश्न तयार करायचे, त्यातले १० विचारतात, ६ बरोबर आले की झालं. म्हणजे सगळीकडे वयाला वर्षांची जोड लागते. तुमच्या आईंना १५ वर्षं व्हायला २०३४ उजाडेल. मंडळाच्या ग्रुपवर "आमच्या आजींना इंग्रजी लागलंच नाही" असं कोणी लिहिलं असेल तर त्या आजी बहुतेक नव्वदच्या दशकात आलेल्या असणार.

दुसरी सूट वैद्यकीय. त्यासाठी एन-६४८ नावाचा फॉर्म डॉक्टर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने भरायचा असतो. ज्या आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे माणूस इंग्रजी किंवा नागरिकशास्त्र शिकूच शकत नाही, आणि जो निदान १२ महिने टिकणारा आहे, त्यासाठी ती आहे. "आता या वयात डोक्यात राहत नाही" एवढं त्याला पुरत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून आई ठणठणीत आहेत, नातवंडांचं सगळं बघतात. तेव्हा हा रस्ता त्यांचा नाही.

आता मूळ अडचण. तुम्ही विचारलंय क्लास कुठे मिळेल. पण आईवडिलांसाठी माझ्याकडे चौकशीला येणाऱ्या दहा मुलांपैकी नऊ जणांच्या डोक्यात परीक्षेचं चित्र असं असतं: प्रश्नांची यादी आहे, उत्तरं पाठ करायची, आई पाठांतराला हुशार आहे, रामरक्षा म्हणते, तेव्हा जमेल. उत्तरं पाठ होतातही. सहसा पाठांतरामुळे कोणी अडकत नाही. अडकतात ते मुलाखत घेणाऱ्या ऑफिसरने दार उघडून "हाऊ आर यू टुडे? डिड यू हॅव एनी ट्रबल फाइंडिंग द बिल्डिंग?" म्हटलं की. कारण हे कुठल्याच यादीत नसतं.

मुलाखतीत चार गोष्टी तपासतात: बोलणं, वाचणं, लिहिणं आणि नागरिकशास्त्र. वाचनात तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचं, लेखनात तीनपैकी एक वाक्य ऐकून लिहायचं. या दोन्हींसाठी शब्दांच्या छापील याद्या यूएससीआयएसच्या, म्हणजे इमिग्रेशन आणि नागरिकत्वाचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावर फुकट मिळतात, आणि त्या खरंच छोट्या आहेत. पण "बोलणं" या भागाला यादी नाही. तुम्ही भरलेला एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, समोर ठेवून ऑफिसर त्यातलेच प्रश्न विचारत जातो, आणि तीच बोलण्याची परीक्षा असते. पत्ता, लग्न, प्रवास, नोकरी, आणि मग "हॅव यू एव्हर" ने सुरू होणारे प्रश्न ओळीने. कधी अटक झाली होती का, कधी कर बुडवला का, कधी अमेरिकन नागरिक असल्याचं खोटं सांगितलं का, कधी मतदानासाठी नाव नोंदवलं का.

इथे घरोघरी एक युक्ती शिकवली जाते: "आई, हॅव यू एव्हर ऐकलं की नो म्हण." माझ्या वर्गातल्या एका काकूंनी ती प्रामाणिकपणे पाळली. शेवटाकडे प्रश्न उलटतात: तुम्ही अमेरिकेच्या संविधानाला पाठिंबा देता का, शपथ घ्यायला तयार आहात का, कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र हाती घ्याल का. तिथे उत्तर "येस" असायला हवं. काकूंची गाडी नो-नो करत सुसाट आली होती, ती थांबेचना. ऑफिसर भला होता, त्याने संविधानाचा प्रश्न सोप्या शब्दांत परत विचारला, तर काकूंनी आणखी ठामपणे नो म्हटलं. त्यांना दुसऱ्यांदा बोलावलं गेलं, आणि मधल्या काळात आम्ही फक्त एकच काम केलं: प्रश्नाचे पहिले दोन शब्द ऐकायचे. "हॅव यू" आहे की "डू यू" आहे की "आर यू विलिंग" आहे. बाकी सगळं नंतर.

आपल्या माणसांच्या आणखी काही खास जागा आहेत. त्या इंग्रजीच्या पुस्तकात सापडत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक, आपलं "हो". "घर बदललं नाही ना?" असं मराठीत विचारलं तर आपण "हो" म्हणतो, म्हणजे तुमचं बरोबर आहे, नाही बदललं. ऑफिसर विचारतो, "सो यू हॅव नॉट मूव्हड?" आई म्हणतात "येस", आणि तो नवीन पत्ता लिहायला पेन उचलतो. यावर माझा एकच उपाय आहे. एका शब्दात उत्तर द्यायचं नाही. "आय डिड नॉट मूव्ह" असं पूर्ण वाक्य बोलायचं. त्यात मान डोलावणं आलं. आपली ती हो-नाही दोन्हीकडे जाणारी मान समोरच्याला कळत नाही. मी वर्गात काकाकाकूंना मान स्थिर ठेवून उत्तर द्यायला लावते, तेव्हा पहिले दोन दिवस हसण्यातच जातात.

दोन, नाव. अर्जात विचारतात, जन्मापासून आणखी कोणती नावं वापरली आहेत. आपल्या पिढीच्या आधीच्या कितीतरी बायकांचं लग्नात आडनावच नाही, पहिलं नावही बदललंय. माहेरची सुशीला, सासरची वैशाली. शाळा सोडल्याचा दाखला एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा. मुलाने अर्ज भरताना "इतर नावं: नाहीत" असं लिहून टाकलेलं असतं, कारण त्याला आईचं माहेरचं पहिलं नाव माहीतच नसतं. असं मी निदान पाचसहा वेळा पाहिलंय. अर्ज भरायच्या आधी आईंना विचारा.

तीन, जन्मतारीख. त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली माणसं कमी नाहीत. खरी तारीख नागपंचमीच्या आसपास असते, कागदावर १ जून. मुलाखतीत कागदावरचीच तारीख सांगायची, तिथे खऱ्या जन्माची गोष्ट सांगत बसायचं नाही. शिवाय इथे महिना आधी येतो. ०६/०१ म्हणजे जून फर्स्ट. आपल्या सवयीने वाचलं तर सहा जानेवारी होतं.

चार, लिपी. ज्यांना देवनागरी छान येते त्यांचं इंग्रजी वाचन मला सोपं वाटतं, कारण अक्षर आणि आवाज यांचं नातं त्यांना माहीत असतं. अडचण येते ती कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांची, कारण ती भानगड आपल्याकडे नाही. एकेक अक्षर दोनदा शिकावं लागतं. पण मराठीचा फायदाही आहे. लेखनाच्या यादीत फेब्रुवारी हा शब्द आहे, आणि इंग्रजी येणारी माणसंही त्यातला पहिला आर खातात. आपल्याला "ब्रु" मध्ये तो ऐकू येतो. मी सांगते, मराठीत म्हणा आणि इंग्रजीत लिहा. आणखी एक बारीक गोष्ट: वाचायची वाक्यं आता टॅब्लेटवर दाखवतात आणि लिहायचंही त्याच्याच गुळगुळीत काचेवर, स्टायलस धरून. वहीत सुंदर अक्षर असणाऱ्या आजींचं तिथे कोंबडीचे पाय होतात. घरी नातवाच्या टॅब्लेटवर रोज एक वाक्य लिहायची सवय लावा.

पाच, न कळल्यावर गप्प बसणं. आपल्या बायकांना वाटतं, पुन्हा विचारलं तर ढ समजतील. खरं तर प्रश्न पुन्हा सांगणं, वेगळ्या शब्दांत विचारणं हे ऑफिसरच्या कामाचाच भाग आहे. "प्लीज रिपीट" आणि "आय डोन्ट अंडरस्टँड, प्लीज से इट अनदर वे" ही दोन वाक्यं मी पहिल्या आठवड्यात शिकवते, जॉर्ज वॉशिंग्टनच्याही आधी.

यावरून लक्षात आलं असेल की आईंना लागणारा क्लास "सिटिझनशिप" नावाचा नाही, निदान आत्ता तरी नाही. आधी साधा इंग्रजी बोलण्याचा वर्ग, ज्याला इथे ईएसएल म्हणतात, तो हवा. तो चांगला चालला की शेवटचे तीनचार महिने नागरिकत्वाचा. उलट क्रमाने आलेली माणसं माझ्याकडे दोन दोन वर्षं फिरत राहतात: उत्तरं सगळी पाठ, आणि "व्हॉट डिड यू इट टुडे" ला शांतता.

वर्ग मिळायच्या जागा सांगते. सगळ्यात आधी तुमची पब्लिक लायब्ररी. काउंटरवर जाऊन "ईएसएल क्लास फॉर अडल्ट्स" एवढं विचारा; तिथे वर्ग नसला तरी जवळ कुठे आहे हे त्यांना माहीत असतं. मग शाळा डिस्ट्रिक्टचं अडल्ट स्कूल आणि काउंटी कॉलेज. तिथल्या मोफत वर्गांना बहुधा २०१४ च्या केंद्रीय कायद्यातून, ज्याला आम्ही वायोआ म्हणतो, त्यातून पैसा येतो. लिटरसी न्यू जर्सी ही संस्था स्वयंसेवकांच्या मदतीने एकेकट्याला किंवा लहान गटाला मोफत शिकवते. लाजाळू माणसाला गट लहान असला की बरं पडतं. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये नातेवाईक असतील तर क्वीन्सच्या लायब्ररीचे वर्ग आणि अर्जाच्या मोफत कायदेशीर मदतीसाठी सिटी युनिव्हर्सिटीचं सिटिझनशिप नाऊ हे त्यांना सांगा. घरी सरावासाठी यूएसए लर्न्स हे संकेतस्थळ फुकट आहे, सॅक्रामेंटो काउंटीच्या शिक्षण विभागाने केलेलं. त्यात नागरिकत्वाचाही अभ्यासक्रम आहे. पण वर्गाऐवजी फक्त ते, असं करू नका. पडद्यासमोर आई उत्तरं निवडतील. तोंड उघडणार नाहीत, आणि नेमकं तेच उघडायचं आहे.

मोफत वर्गांबद्दल दोन व्यावहारिक गोष्टी. हे वर्ग अनुदानावर चालतात, त्यामुळे गेल्या वर्षी होता तो या वर्षी असेलच असं नाही. जाण्याआधी फोन करा. आणि सुरुवातीला एक चाचणी घेतात, कॅसास किंवा बेस्ट प्लस नावाची. ती पास-नापासाची नाही, कोणत्या पायरीवर बसवायचं हे ठरवण्यासाठी आहे. मुलं आईला या चाचणीसाठी शिकवून आणतात, आणि आई दोन पायऱ्या वर जाऊन बसते. मग तिला काही कळत नाही आणि महिन्याभरात ती येणं सोडते. तिला जे येतं तेवढंच दाखवू द्या. प्रतीक्षायादी असेल तर नाव घालून ठेवा. सप्टेंबरात भरलेला वर्ग जानेवारीत बऱ्याचदा मोकळा होतो, कारण थंडी आणि अंधार यांनी निम्मी मंडळी गळतात.

मराठी किंवा गुजराती बोलणाऱ्या शिक्षकाचा वर्ग शोधू नका, हे माझं स्पष्ट मत, मी स्वतः मराठी असून. ओक ट्री रोडवर, म्हणजे एडिसनच्या भारतीय बाजारात, आईंचं सगळं काम इंग्रजीशिवाय होतं, वर्गातही झालं तर शिकणार कधी? एका बाजूला कोलंबियाची बाई, दुसऱ्या बाजूला चिनी आजोबा असा वर्ग उत्तम. माझ्या वर्गातल्या एक काकू आणि एक पेरूच्या बाई वर्षभर शेजारी बसत. दोघींचं इंग्रजी मोडकं, पण दोघींना भाज्यांवर बोलायचं असायचं. वांग्याची भाजी समजावता समजावता त्यांनी भूतकाळ शिकला, तो मी चार महिने फळ्यावर लिहून शिकवू शकले नव्हते.

आता जरा तुम्हाला बोलते, राग मानू नका. आई नातवंडांचं सगळं बघतात असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. म्हणजे सकाळी मुलांना बसपर्यंत सोडणं, दुपारी तीनला आणणं, मधे स्वयंपाक. त्या गाडी चालवत नाहीत असं मी धरून चालते. मोफत दिवसाचे वर्ग साधारण सकाळी नऊ ते बारा, संध्याकाळचे साडेसहा ते नऊ. आईंना आठवड्यातून दोनदा तिथे कोण नेणार, कोण आणणार, आणि तेवढा वेळ घरचं कोण बघणार? सहा वर्षांत इंग्रजी का आलं नाही याचं उत्तर मला बहुतेक घरांत याच वेळापत्रकात सापडतं. फी शून्य असली तरी तुमच्या घराला आठवड्याचे सहा तास आणि दोन फेऱ्या मोजाव्या लागणार आहेत. ते आधी ठरवा, मग वर्ग शोधा. नाहीतर मूल आजारी पडलं, पाहुणे आले, गणपती आले की पहिला बळी वर्गाचा जातो.

आणि घरी तुम्ही शिकवू नका. सराव घ्या, जरूर घ्या, शिकवू नका. मुलगा चूक सुधारतो तेव्हा त्याच्या आवाजात एक घाई असते, आणि आई लगेच मराठीवर येते. नातवंडांना शिकवू द्या. दुसरीतला नातू आजीला "हाऊ मेनी सेनेटर्स" विचारतो तेव्हा दोघांनाही मजा येते, आणि त्याचा उच्चार ऑफिसरच्या उच्चाराच्या जास्त जवळचा असतो.

नागरिकशास्त्राचं लवकर सांगून टाकते, कारण तो भाग वाटतो तेवढा जड नाही. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना नवीन परीक्षा आहे: १२८ प्रश्न, त्यातले २० पर्यंत तोंडी विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. १२ बरोबर झाले की थांबतात, ९ चुकले तरी थांबतात. जुनी परीक्षा १०० प्रश्नांची होती, १० पर्यंत विचारत आणि ६ बरोबर लागत. शेजारच्या काकूंकडून तुमच्या घरी वही आली असेल तर ती या १०० वाल्यांची आहे. बरेच प्रश्न तेच आहेत, पण ती वही पुरणार नाही. यूएससीआयएसची नवीन यादी उतरवून घ्या. काही उत्तरं निवडणुकीबरोबर बदलतात, हेही बघा. नोव्हेंबर २०२५ च्या निवडणुकीत न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदी मिकी शेरिल निवडून आल्या. आधीचे गव्हर्नर मर्फी पाठ केलेल्यांनी ते नाव खोडायला हवं.

पाठ करण्यापेक्षा आईंना जे माहीत आहे त्याला जोडून द्या. हाऊस आणि सिनेट म्हणजे लोकसभा आणि राज्यसभा. राज्यसभेच्या सदस्याला सहा वर्षं, सेनेटरला सहा वर्षं, एवढं सांगितलं की ते डोक्यात बसतं. लोकसभेला पाच, हाऊसला मात्र दोनच, याचं सगळ्यांना नवल वाटतं. इथलं संविधान "आम्ही लोक" असं सुरू होतं आणि आपली उद्देशिका "आम्ही, भारताचे लोक" अशी. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये शिकायला आले ते कोलंबिया विद्यापीठ तुमच्या घरापासून तासाभरावर आहे, हे सांगितल्यावर वर्गातल्या एका आजींनी न्यूयॉर्कची सहलच मागितली. आणि इथल्या बायकांना देशभर मताचा हक्क १९२० मध्ये, संविधान लिहून सव्वाशेहून जास्त वर्षं झाल्यावर मिळाला, तर आपल्याकडे संविधानाबरोबरच, हे सांगताना वर्गातल्या आपल्या बायका जरा ताठ बसतात. एवढं कळलं की १९ वी दुरुस्ती पाठ करावी लागत नाही.

अर्जाच्या खर्चाचंही सांगते. १ एप्रिल २०२४ पासून फी ऑनलाइन ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०. उत्पन्न कमी असेल तर सवलतीत ३८० डॉलरच फी पडते, आणि त्याहूनही कमी असेल तर माफीचा अर्ज करता येतो. इंग्रजीत किंवा नागरिकशास्त्रात नापास झालं तर त्याच फीमध्ये ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी मिळते, तीही फक्त राहिलेल्या भागाची. म्हणून भिऊ नका, पण घाईही करू नका. तारीख लवकर आली आणि तयारी नसली तर त्या दोन संधी भराभर जातात. तुमच्या आईंसारख्या विद्यार्थिनीला माझ्याकडे आठवड्यातून दोन दिवस येऊन साधारण वर्ष लागतं. घरी रोज वीस मिनिटं कोणी बोलत असेल तर कमी, पाच महिने भारतात गेल्या तर जास्त.

आणखी एक प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत: आईंना नागरिकत्व हवंय का? भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. इथली शपथ घेतली की १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारताचं नागरिकत्व जातं, पासपोर्ट जमा करावा लागतो, आणि मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं, कार्ड काढायचं. त्यावर येणं-जाणं, राहणं सगळं होतं. मतदान होत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. ज्यांच्या नावावर गावी सातबारा आहे, किंवा भावाबहिणींत वाटणी व्हायची आहे, त्यांनी आधी गावाकडच्या वकिलाशी बोलून घ्यावं. माझ्या वर्गात एक काका सगळी तयारी करून ऐनवेळी थांबले, कारण त्यांना भावाचा हिस्सा विकत घ्यायचा होता. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. इतर अनेकांना मात्र मुलाजवळ राहून हवं तितकं भारतात जाता यावं, दर फेरीला ग्रीन कार्डची धास्ती नसावी, एवढ्यासाठीच नागरिकत्व हवं असतं. ते कारणही पुरेसं आहे. आईंना एकट्यांना विचारा, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर नको. शपथेनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, म्हणून शपथ होईल त्याच महिन्याची तिकिटं काढून ठेवू नका.

आता वडील. त्यांना इंग्रजी येतं, तेव्हा त्यांचा अर्ज आधी भरावा असं वाटणं साहजिक आहे. दोघांचे अर्ज वेगळे, मुलाखती वेगळ्या, त्यामुळे एकत्र भरायची गरजही नाही. उलट मी वेगळेच भरा म्हणेन, कारण घरात काका काकूंच्या वतीने उत्तरं देतात ही सवय मोडायला हवी. मुलाखतीच्या खोलीत काका नसतील. पण वडिलांची अडचण भाषेची नाहीच, त्या सात महिन्यांची आहे. नियम असा: पाच वर्षांत निदान ३० महिने प्रत्यक्ष इथे असायला हवं, आणि शिवाय सलग वास्तव्य मोडलेलं नको. एकच फेरी सहा महिन्यांहून लांबली की वास्तव्य मोडलं असं ते धरून चालतात, आणि मोडलं नाही हे दाखवणं आपल्यावर येतं: घर इथेच होतं, कर इथे भरले, कुटुंब इथे होतं, तिकडे नोकरी धरली नाही, भावाच्या दवाखान्याचे कागद. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं असतं तर सरळच मोडलं असतं. सात महिन्यांवर बहुधा मार्ग निघतो, पण अर्ज आत्ता भरावा, कोणते कागद जोडावेत की थांबावं, हे इमिग्रेशन वकील किंवा न्याय खात्याची मान्यता असलेली संस्थाच सांगू शकेल. ओक ट्री रोडवर फॉर्म भरून देणारा माणूस नव्हे, आणि मीही नव्हे.

जाताना दोघांचे जुने-नवे सगळे पासपोर्ट घेऊन जा. त्याआधी एका कागदावर प्रत्येक फेरीच्या जाण्या-येण्याच्या तारखा लिहा, शिक्क्यांवरून, आठवणीवरून नाही. आणि आणखी एक विचारून घ्या: मोटर व्हेइकलच्या ऑफिसात लायसन्स किंवा ओळखपत्र काढताना मतदार नोंदणीच्या चौकटीत वडिलांनी खूण केली होती का, कारण "हॅव यू एव्हर" मध्ये नेमकं हेच विचारतात. इंग्रजी येणारी माणसंच ती खूण जास्त करतात, कारण दिसेल तो फॉर्म ते पूर्ण भरतात. केली असेल तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.